एल्मची जागा

बा, आज दुपारी आई म्हणाली, झाड बाहेर ठेव. तुम्ही गेल्यापासून या एकाच गोष्टीवरून आमची धुसफूस चालली होती, आणि आता जिंकले तर आनंद करायचंही त्राण उरलेलं नाही.

तुमचं ते कुंडीतलं बुटकं एल्म. आपल्या मोका गावातला चिनी दुकानदार पोर्ट लुईला मुलाकडे राहायला गेला, तिथे अंगण नाही म्हणून तुमच्या हवाली करून गेला. तुम्ही ऑफिसातून येता, बूटही न काढता परसात जाता, नव्या फुटीचे शेंडे नखाने खुडता. मी शाळकरी पोर, तुम्ही खूश व्हाल म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतायची. एकदा तुम्ही पाहिलंत आणि खेकसलात, "पा कुमसा, बाय! असं नाही. आधी मातीत बोट घालून बघ, सुकली तरच दिलो, पाणी घाल. भूक नसताना कुणी तुला भात कोंबला तर?" मी रडले, तेव्हा तुम्हीच माझं बोट धरून मातीत खुपसलंत. थंडीत ते पानं गाळायचं. आई म्हणायची, मेलं. तुम्ही म्हणायचात, मरत नाही, दमलंय.

तुम्ही गेलात, आणि तेरावं झाल्यावर आईने कुंडी उचलून बैठकीच्या खोलीत तुमच्या फोटोखाली ठेवली. फोटोला हार, झाडापुढे दिवा. अंघोळ झाली की तुळशीला घालावं तसं त्यालाही पाणी, माती ओली असो की सुकी. तिच्या लेखी झाड घरात तोवर तुम्ही घरात. त्या बंद खोलीत पानं पिवळी पडून गळायला लागली. मी म्हटलं, याला ऊन-वारा लागतो, बांची रीत तशीच होती. तर म्हणाली, "तुझे बा पण सकाळी बाहेरच गेले होते. आले का परत?"

शेवटी तडजोड झाली. शाळेत जाताना मी कुंडी मागच्या ओट्यावर अर्ध्या उन्हात ठेवायची, आल्यावर आत घ्यायची. पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले, भाऊ नर्सिंगला इंग्लंडला गेला, कुंडीची वारी काही थांबली नाही. मोठ्या सिक्लोनमध्ये स्वयंपाकघराचे पत्रे उडाले, झाड मात्र आत शाबूत. आई म्हणाली, "बघ!" मग तिच्यापुढे माझी डाळ शिजेना. थंडीत मुळं छाटायची तीही आई देवळात गेली की चोरून, कारण तुमच्या झाडाला सुरी लावलेली तिला खपत नाही. भाऊ पत्रात आधी झाडाची खुशाली विचारतो, मग आईची, मग जागा उरली तर माझी. खरं सांगते बा, कधीकधी त्या झाडाचा मला संताप यायचा.

आज कुंडी उचलताना कंबरेत उसण भरली. तिथेच ओट्यावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. आई काठी टेकत आली. काठी भिंतीला लावून माझ्या शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "मेत ली देओर, बाय. बाहेरच राहू दे आता. तुझे बा कधी घरात बसले? मीच बसवून ठेवलं त्यांना." आत जाऊन तिने झाडापुढचा दिवा उचलला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. रडली नाही. तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी मोक्याची ती नेहमीची पावसाची भुरभुर सुरू झाली. झाडाला त्याने काही होत नाही, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तरी ओट्यावर गेले, कंबर सांभाळत कुंडी उचलली आणि माझ्या खोलीत आणून दार लोटून घेतलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही. आईला कळू द्यायचं नाही. तिला जमलं, बा. मला नाही जमलं.