डावी पाकळी

आई, हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय. कोरा कागद यासाठी कशाला फाडा, हे तुमचंच शिकवणं. लिहून झालं की चुलीत घालीन.

सून म्हणून मी नाटे गावात आले तेव्हा तुमच्या कौलाचं मला हसू यायचं. मी मॅट्रिक झालेली, आणि तुम्ही म्हैस घेण्यापासून मला माहेरी धाडण्यापर्यंत सगळं देवाला विचारणार. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी सुटली तर हो, डावी सुटली तर नाही. पुढे मोतीबिंदूने तुमची नजर गेली आणि बघायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी धाकटीचा ताप उतरेना. सकाळी आकडीही येऊन गेली होती. ह्यांना मुंबईला ट्रंक कॉल लावला, लागला नाही. रत्नागिरीची एसटी सुटायला अर्धा तास, आणि तुम्ही देवापुढे मांडी घालून बसलेल्या. "विचारल्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर न्यायची नाय. वाटेत काय झालं म्हणजे?" मी पोरीला पोटाशी धरून पाकळ्यांकडे बघतेय. तिचा श्वास माझ्या मानेला भाजतोय.

"काय गो, सुटली?"

"नाय अजून."

"तुझ्या घाईने देव धावतोय होय!"

आणि डावी सुटली.

"उजवी," मी म्हटलं.

"मग बसलीस काय? ऊठ!" तुम्हीच चाचपडत पोरीला कुंची बांधलीत.

दवाखान्यात तीन दिवस ताप चढला की वाटायचं, माझं खोटं पोरीला भोवतंय. चौथ्या दिवशी तिने पेज मागितली. घरी आले तर तुम्ही अंगणात आमसुलं वाळत घालत होतात.

"जेवलात ना नीट?"

"न जेवायला काय झालं? देव हो म्हणाला होता ना!"

विचारायचं आणि काळजी तिथेच ठेवून कामाला लागायचं, हे तुमचं रोजचं जगणं होतं. मी त्याला नुसती रीत समजत होते. त्याच जगण्यात मी खोटं मिसळलं, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्या कौलाची गोष्ट शेजारणींना कौतुकाने सांगत राहिलात.

आज मी पूजा चुकवत नाही, एकादशी मोडत नाही. काल लेक म्हणाली, "आजी कौल लावायची, तू का नाय लावत?" मी म्हटलं, "वेळ कुठाय मला?"

वेळ भरपूर आहे, आई. पण डावी सुटली तर मी पुन्हा उजवीच म्हणेन.