बारावर बार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाय. शिमगा जवळ आला की तो वर येतो, इथं चेन्नईतसुद्धा, जिथं शिमगा कुणाला ठाऊक नाय. तुमचे हंगाम मला पाठ आहेत. पावसात बंदुकीची दारू सादळते, म्हणून ठासणीची बंदूक माळ्यावर. भात कापलं की ती खाली यायची, तुम्ही पुसत बसायचात, मी मांडीशी बसून बघायचे. आणि शिमग्याला सगळ्या गावाचा हाका, रान उठवत, भेकरामागे, त्या लहानशा हरणामागे. सरकारची बंदी होती. तुम्ही म्हणायचात, "रान काय सरकारने लावलंय?"

त्या शिमग्याला पहिला बार पेटलाच नाय. भेकर समोरून पळतंय आणि तुम्ही घाईत त्याच बारावर दुसरा बार ठासताय. आत आधीचा बार, म्हणजे ठासायचा गज नळीतून नेहमीपेक्षा वर राहिला असणार. तुम्ही बघितलंच नाय, डोळे भेकरावर. नळी फुटली. लोकांनी तुम्हाला घोंगडीत घालून आणलं. मागाहून दुसऱ्याने मारलेल्या भेकरातला आपला वाटा आणला, सागाच्या पानात. घराचा वाटा चुकवायचा नसतो म्हणे. तुम्ही ओटीवर आडवे आणि आईच्या हातात मटण. तिने ते कुत्र्यापुढे टाकलं.

आता काकांनी त्याच बंदुकीला नवी नळी बसवलीय. फोन करतात, "जावईबापू, सासऱ्यांच्या घरात मुलगा नाय, बार तुम्हीच काढायचा. नायतर हाक्यातली घराची जागा जाईल." आणि माझा नवरा, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाडीच्या दरवाजांना रबर बसवणारा, लगेच फुगला. रविवारी पोरीला अड्यारच्या बाजूला हरणं दाखवायला नेलं, तर हा जाळीतून एक डोळा मिटून बोट रोखतोय. पोरगी टाळ्या वाजवते, "अप्पा, डिश्यूम!"

मी म्हटलं, "हातमोजे घातल्याशिवाय पत्र्याला हात लावत नाहीस, आणि बंदूक धरणार?"

"एकच दिवस गं. सगळे जातात."

"सगळे परत येतात का?"

"तुझ्या बाबांची चूक झाली. माझी नाय होणार."

"त्यांना पण असंच वाटायचं."

हसला. तिकीट काढून मोकळा झालाय. मी भांडी घासताना तुम्हाला शिव्या घालते. शेजारची अक्का विचारते, कुणाशी बोलतेस. काय सांगू तिला? मेलात ते मेलात, वर माझ्या पोरीच्या बापाला बोलावताय.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. पण एक सांगते. काल मी नळाच्या पाइपचा तुकडा आणि झाडूचा दांडा घेतला आणि नवऱ्याला समोर बसवलं. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, भरल्यावर किती वर राहतो, तिथं खूण कर, दर वेळी बघ. तो चुकला तशी मी ओरडले, अगदी तुमच्यासारखी. पोरगी घाबरून रडायला लागली. आणि बाबा, मला ते सगळं येत होतं, याचं बरं वाटत होतं.