मुलुंडच्या माळावरची आषाढ आमरी

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझा राग मात्र जागच्या जागी आहे. सत्तर-एकाहत्तरचा आषाढ असेल. पार्ल्याच्या कॉलेजातून तुम्ही आम्हा मुलींना वनस्पती गोळा करायला मुलुंडच्या डोंगरावर नेलं होतं. खडीच्या खाणीच्या वरच्या अंगाला कातळ, त्यावर चार बोटं माती आणि घोट्याएवढं गवत. तिथे मला ती दिसली, गवतात उगवणारं एक ऑर्किड. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, मधून निघालेली दांडी, तिच्यावर पांढरी फुलं. खालची पाकळी दोऱ्यांसारखी चिरलेली, मागे लांब शेपटी. मी ओरडले, "बाई, आषाढ आमरी!" तुम्ही चिखलात गुडघे टेकून भिंगातून बघताय. "बरोब्बर ओळखलंस गं. अशा उघड्या माळावरच येते ही, दाट झाडीत शोधून मिळायची नाही." आणि लगेच हात पुढे, "खुरपं दे."

एक काढलीत, कंदासकट, ते समजण्यासारखं होतं. नमुना मुळासकट हवा, हे तुम्हीच शिकवलेलं. पण आजूबाजूला तशा पुष्कळ होत्या आणि तुम्ही थांबलाच नाहीत. मी म्हटलं, "बाई, थोड्या राहू द्या ना." तर सगळ्यांसमोर खेकसलात, "रडतेस काय? दुसऱ्या कॉलेजांना नमुने पाठवले की त्यांच्याकडचे आपल्याला मिळतात. आणि खाणवाले उद्या हे सगळं उडवणारच आहेत." पत्र्याचा डबा गच्च भरला. माळावर नुसते खड्डे उरले.

खाण तिथवर आलीच नाही, बाई. पुढच्या आषाढात मी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. कातळ तसाच, गवत तसंच, आमरी एकही नाही. तुम्हाला सांगितलं तेव्हा म्हणालात, "असेल गं कुठेतरी." कुठेतरी! कंदच उपटल्यावर ती काय आभाळातून पडणार होती? करून सवरून नामानिराळ्या! खाणवाल्यांना निदान तिचं नाव तरी माहीत नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत होतं, म्हणून तर माझा जळफळाट होतो.

गेल्या आषाढात ती मला पुन्हा दिसली, दुसऱ्याच एका माळावर, भरपूर. खरं सांगते, आधी तुम्हालाच हाक मारावीशी वाटली. माळ कुठला ते वर लिहिलंही होतं, मग खोडलं. तुम्ही नाही आहात, हे पत्र कुठेही जाणार नाही, तरी खोडलं.