सोळा पानं कमी

प्रिय चिमे,

रविवारी तू मला कायमचं तुझ्याकडे न्यायला येणार, माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतलीस, हे फोनवर ऐकलं आणि मी नुसता हुंकार भरला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबा एकटे राहिले तर उपाशी मरतील, ही तुझी काळजी काही खोटी नव्हती. तीन वर्षांपूर्वी तुझी आई गेली, तेव्हा मीठ कुठल्या डब्यात असतं हेही मला माहीत नव्हतं.

पण गेल्या वर्षी आमच्याकडे बाइंडिंगला एक पुस्तक आलं. पहिल्यांदाच घर सोडून नोकरीला लागणाऱ्या पोरापोरींसाठी. बटण कसं लावायचं, तुंबलेलं बेसिन कसं मोकळं करायचं, डॉक्टरांना दुखणं नेमकं कसं सांगायचं, सगळं चित्रं काढून. सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमाने जुळवता जुळवता मी वाचतच बसलो, मालक दोनदा खेकसला. एक डागाळलेली प्रत पिशवीत घालून घरी आणली आणि चष्मा पुसून धडा पहिला उघडला. आता मी लावलेलं बटण, शर्ट फाटला तरी निघणार नाही. पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा टाकू नये, एवढं मात्र मी पुस्तकाआधीच शिकलो होतो. माझे गुलाबी बनियन तू पाहिलेच आहेस.

स्वयंपाकाच्या धड्याशी आलो आणि कपाळाला हात लावला. तो फर्माच नव्हता! त्याच्या जागी कपडे धुण्याची सोळा पानं दुसऱ्यांदा. जुळवणी कुणाची, तर माझीच. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि नेमका जेवणाचा धडा स्वतःच गाळला.

मग भाताला पाणी किती, हे विचारायला खालच्या शिलाईबाईंकडे गेलो. तुझे शाळेचे गणवेश शिवायच्या त्याच. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. गळ्यातली टेपसुद्धा न काढता त्यांनी पातेल्यात बोट बुडवून दाखवलं, तांदळाच्या वर एक पेर पाणी. तरी माझा पहिला भात करपलाच. त्यांनी तो खाल्ला आणि वर म्हणाल्या, की खालचा थर उसवून टाका, बाकीचा झकास आहे. हळूहळू अंडी जमली, भाजी जमली. आता संध्याकाळी आम्ही एकत्रच जेवतो. त्यांच्या तोंडाला कुलूप नाही आणि माझ्या तोंडात शब्द नाही, त्यामुळे छान जमतं. एकदा तुझ्या आईच्या आठवणीने मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि माझं रडणं आवरेपर्यंत नुसत्या बसून राहिल्या.

आता खरं सांगतो. सगळ्या पानांची चांगली प्रत मला तिसऱ्याच दिवशी मिळाली होती. वर्ष झालं, ती मी उघडलेली नाही. उघडली असती तर खाली जायला निमित्त काय उरलं असतं? चिमे, मला त्या आवडतात. आम्ही लग्न करावं म्हणतो. त्यांची अट एकच, आधी लेकीला विचारा. ती नाही म्हणाली तर आपण शेजारीच बरे, असं त्या म्हणतात. तेव्हा रविवारी ये, पण मला न्यायला नको, जेवायला ये. स्वयंपाक मी करीन. त्यांच्याशी बोल आणि मग काय वाटेल ते मला तोंडावर सांग. या वयात मुलीची परवानगी मागायची, म्हणून हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. तू हो म्हणावंस, असं मला फार फार वाटतं.

दाराकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
बाबा