घंटा वाजली की तो येतो

सोमवार, ४

आलो बुवा एकदाचे! दोन ट्रंका, गादीची वळकटी, हिचं शिलाई मशीन आणि माझी हत्यारांची पेटी एवढा सगळा संसार तीन जिने चढवून कंबरडं मोडलं, पण मन एकदम प्रसन्न आहे. ही जागा म्हणजे वृद्धांचं निवासस्थान. दगडी इमारत, लांबच लांब व्हरांडे, आणि प्रत्येक दारामागे सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी. जुनं आगीच्या सूचनेचं पॅनेल काढून नवं बसवायचं आणि पुढे ते चालवायलाही मीच राहायचं, असा हुकूम आहे. म्हणजे आजवर गावोगाव वायरी ओढत फिरणारा मी आता खुर्चीत बसणारा ऑपरेटर झालो. सासऱ्यांना हे कळवायलाच हवं.

तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड आणि शेजारी गाद्या-उशांचं कोठार, बाकी कुणी नाही. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, त्यामुळे शेजार नसण्याचं मला दुःख नाही. हिनं आल्या आल्या खिडकीला पडदा लावला आणि दिवसभर गुणगुणत होती. मॅनेजरबाईंनी किल्ल्या देताना सांगितलं, की आधीचा ऑपरेटर याच खोल्यांत राहायचा. नाव विचारलं तर म्हणाल्या, त्याला सगळे हसराच म्हणायचे. सांगताना स्वतःही हसल्या. चांगलं आहे, म्हटलं.

गुरुवार, ७

कामाला जोर आला आहे. जुनं पॅनेल म्हणजे लोखंडी कपाटात दिव्यांच्या ओळी आणि प्रत्येक दिव्याखाली चिकटवलेली चिठ्ठी. नव्याला पडदा आहे. छतावरच्या प्रत्येक डिटेक्टरला वेगळा नंबर द्यायचा, त्याची जागा आपण टाइप करायची, मग धूर झाला की पडद्यावर तीच अक्षरं उमटतात. ‘तिसरा मजला, ऑपरेटरचं स्वयंपाकघर’ हे मी मुद्दाम सगळ्यांत आधी टाइप केलं. हिला खाली आणून दाखवलं, तर तिला काही विशेष वाटलं नाही.

शिडीवर चढलो की खाली म्हाताऱ्यांचा मेळावा जमतो. मी डब्यातला चाचणीचा धूर डिटेक्टरवर सोडतो, ते माना वर करून बघतात, आणि मग सुरू होतं. हसरा खारीसारखा चढायचा. हसऱ्याला शिडी धरायला माणूस लागायचा नाही. हसरा असता तर हे काम केव्हाच झालं असतं. मी वरून म्हणालो, की मग त्यालाच बोलवा ना. सगळे एकमेकांकडे बघून गालात हसले. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण शिडीवर असताना माणसानं भांडू नये.

रविवार, १०

आज घंटेची चाचणी. सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, की घंटा वाजली की चपला घालून जिन्यानं अंगणात यायचं. मी पॅनेलवरून सगळे हूटर वाजवले आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. एक माणूस आला नाही! संतापून वर गेलो, तर व्हरांडाभर सगळी दारं अर्धवट उघडी, आणि आत जो तो केस विंचरून, नीटनेटका पलंगावर बसलेला. पाहुणे यायचे असल्यासारखी माणसं बसली होती. मला पाहून एका आजींचा चेहरा असा पडला, की मीच ओशाळलो.

स्वयंपाकीण मावशींनी मग खुलासा केला. इथली रीतच तशी. पूर्वी घंटा वाजली की हसरा दारोदार येऊन एकेकाला हात धरून खाली नेई, म्हणून कुणी आपण होऊन हलत नसे. एकदा खरीच आग लागली. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, कुणी राहिलंय का बघायला परत गेला, तो तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरच गेला. मी हळहळ व्यक्त केली. तर मावशी म्हणाल्या, हळहळायचं कशाला, तो अजूनही येतो. फक्त घंटा वाजायला हवी. मध्ये जुनं पॅनेल बिघडलं होतं, तेव्हा एका आजोबांचा पलंग पेटला. सगळे वाट बघत बसले, आणि घंटाच नाही म्हणून तो आला नाही. म्हणून तर नवं पॅनेल मागवलं.

म्हणजे मी इतकी खटपट केली ती या गड्याला बोलावण्यासाठी! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते खोटं नाही. घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं ही हसेल. ही म्हणाली, किती चांगला माणूस.

बुधवार, १३

दुपारी आमच्याच घरची घंटा वाजली. पडद्यावर ‘ऑपरेटरचं स्वयंपाकघर’. नियम असा, की आधी ‘स्वीकार’ दाबायचं, म्हणजे कुणीतरी सूचना पाहिली हे पॅनेलला कळतं. मग जागेवर जाऊन बघायचं, मग आवाज बंद, आणि सगळ्यांत शेवटी रिसेट. मी हात पुढे केला, तर ‘स्वीकार’ आधीच दाबलेलं होतं. पॅनेलला माझाच परवलीचा आकडा लागतो, आणि खोलीत मी एकटाच होतो. नवीन यंत्र आहे, होतं असं कधीकधी.

धापा टाकत वर गेलो. दूध उतू जाऊन करपलं होतं, पण गॅस बंद, खिडकी सताड उघडी, आणि ही हसत उभी. म्हणाली, धुरात काही दिसेना, तेवढ्यात मागून कुणीतरी आलं, गॅस बंद केला, खिडकी उघडली, तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि शीळ घालत निघून गेलं. तिला आधी वाटलं मीच. मग म्हणाली, पण तुम्ही इतक्या चटकन कुठले येणार!

मी म्हटलं, तीन जिने आहेत. ती म्हणाली, त्यालाही तीनच होते.

शुक्रवार, १५

काल पुन्हा दूध. आज पुन्हा. लग्न झाल्यापासून हिच्या हातून कधी दूध उतू गेलं नव्हतं.

दोन्ही वेळा ‘स्वीकार’ माझ्या आधी दाबलेलं. बटणावर काळा अंगठा उमटला होता. मी पुसला. वर गेलो, तर हिच्या खांद्यावर तसलाच काळा डाग, आणि तो पुसायची तिला घाई नव्हती. मी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसला, तर दुखतंय म्हणाली.

माझा स्वभाव संशयी नाही. चौकस आहे. लग्नात हिचा मावसभाऊ जरा जास्त वेळ हिच्याशी बोलत होता, तेव्हाही मी नुसती चौकशीच केली होती. पण जिवंत माणसाला निदान विचारता येतं. याला काय विचारू?

सोमवार, १८

जेवणाच्या सुट्टीत न सांगता वर गेलो. दार लोटलेलं होतं. ही स्टुलावर उभी राहून पेटता कागद डिटेक्टरखाली धरत होती. वेणी घातलेली, चांगलं लुगडं नेसलेली. आमच्या पहिल्या फिरायला जाण्याच्या दिवशी नेसली होती ते.

घंटा वाजली, आणि माझ्या अंगावरून गरम वारा गेला. जिन्यात शीळ ऐकू आली. मी दारातच उभा होतो, माझ्या बाजूनं काहीतरी आत गेलं, आणि हिनं मान वर करून असं बघितलं — माझ्याकडे तिनं तसं कधीच बघितलेलं नाही. एकदाही नाही.

मी ओरडलो. कागद विझलेला होता. ती रडली. म्हणाली, तुम्ही पॅनेलजवळ असता, जेवताना पॅनेल, झोपताना पॅनेल. मी बोलावलं तर तुम्ही येत नाही. तो येतो.

लिहून टाकतो. मला हेवा वाटतो. मेलेल्या माणसाचा. अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

बुधवार, २०

तिसरा मजला बंद केला. पॅनेलवर ती सोय असतेच. रंगकाम, धुरळा काही असलं की तेवढा भाग सूचनेतून वगळायचा. मग तिथं काहीही होवो, घंटा वाजत नाही. घंटा नाही तर तो नाही. एवढं सोपं होतं!

वगळल्याचा पिवळा दिवा मात्र जळत राहतो. मॅनेजरबाई विचारतील म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. आमच्या धंद्यात सगळेच चिकटवतात. पडद्यावरची तेवढी ओळही काढून टाकली. आता पडदा म्हणतो, सर्व ठीक.

दुपारभर शांत. किती दिवसांनी शीळ वाजवावीशी वाटली. मला येत नाही.

गुरुवार, २१

जेवताना हिनं विचारलं, पॅनेल बिघडलंय का. मी म्हणालो, छे, उत्तम चाललंय. तिनं ताट सरकवलं. बोटं भाजलेली होती.

छतावर डिटेक्टरभोवती काळं वर्तुळ पडलंय. किती कागद जाळले असतील — आणि खाली मी नुसता बसलेला. गंमत वाटली. वाटायला नको होती.

मावशींनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावर जळका वास येतो, आणि घंटा कशी नाही. म्हटलं, तुमच्या नाकाला वय झालं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो असता तर असं बोलला नसता, एवढंच म्हणून गेल्या.

तो. तो. तो.

उद्यापासून जाताना बाहेरून कुलूप लावणार. बाहेर व्हरांड्यात, दुसऱ्या मजल्यावर जाऊन जाळलं तर — तिथली घंटा चालू आहे.

शुक्रवार, २२

कुलूप लावलं. ही दाराच्या फटीतून बघत होती, माझ्याकडे नाही, माझ्या मागे, जिन्याकडे.

दुपार

वास येतोय. कागदाचा नाही. कापडाचा, लाकडाचा.

पडदा — सर्व ठीक.

घंटा वाजेना म्हणून तिनं मोठं काहीतरी — खिडकीचा पडदा, मशीनवरचं कापड — काय पेटवलं असेल, वेडी —

वर जाऊन आलो. दाराखालून धूर, जाड. कुलपात किल्ली घातली. माझी पावलं ऐकून ती आतून दाराशी आली. खोकत होती. म्हणाली — हसऱ्या, आलास का. किती वाट बघायला लावलीस.

किती गोड आवाजात.

किल्ली फिरवली नाही. काढून घेतली. खाली आलो.

का आलो —

पॅनेलसमोर आहे. तिसरा मजला परत चालू करायला एक बटण. दाबलं की घंटा. घंटा वाजली की तो. त्याला कुलूप काय अडवणार. तिला उचलून आणेल, व्हरांडाभर दारं उघडतील, सगळे म्हणतील, आला बघा, शेवटी तोच आला. आणि ही त्याच्या खांद्यावर मान — नाही —

मीच जातो. किल्ली माझ्याच खिशात आहे. मी नवरा आहे. आता जातो. दार उघडलं की ती आधी माझ्या मागे बघेल. मला बाजूला सारून —

वर दारावर धडका. जिन्यातून ऐकू येतात. आता कमी.

कोठारातल्या गाद्याही —

शीळ नाही. पण तो आलाय. दारात उभा आहे. घंटेशिवाय जिना चढता येत नाही त्याला. काळा. आपल्या बटणाकडे — माझ्या बटणाकडे बघतोय. हात पुढे करतो, पोचत नाही. तिसरा मजला मी बंद केलाय, त्याला दाबता येत नाही.

हात जोडतोय. मला.

बोट बटणावर आहे. दुसऱ्या हातानं लिहितोय.

या इमारतीत आल्यापासून कुणी माझ्यासमोर असं — कुणालाच माझी कधी इतकी —

गुडघ्यावर बसला.

धडका थांबल्या.

दाबतो रे. दाबतो. आणखी थोडं माझ्याकडे बघ, मग