मोनालीच्या साखरपुड्यात दोन कॅमेरे

बेटेगाव, बोईसर
रविवार

तीर्थरूप सोजरा आत्यास,

चंद्रभानचा दंडवत. तुझा गुडघा आता वाकतो का? मामांचा खोकला? आम्ही इकडे सुखरूप (कारखान्यांचा वास सोडला तर).

मला कॅमेरा घ्यायचाय हे फोनवर सांगितलंच होतं (तू 'कशाला?' म्हणालीस, ते मला ऐकू आलं नाही). बोईसरच्या दुकानदाराने दोन पुढे केले. एक रेंजफाइंडर. छोटा, देखणा, पण भिंगातून नाही, बाजूच्या खिडकीतून बघायचं. त्यात माणूस आधी दोन दिसतो, मग भिंगाभोवतीची कडी फिरवून दोघांचा एक करायचा. दुसरा डीएसएलआर. बोजड, पण आत आरसा, त्यामुळे भिंगाला दिसतं तेच आपल्याला. माझं ठरेना, तेव्हा तो कंटाळून म्हणाला, दोन्ही न्या, वापरून बघा.

माझ्याबरोबर कामाला असलेल्या कमलेशच्या बहिणीचा, मोनालीचा, दांडी गावात साखरपुडा होता. दोन्ही गळ्यात अडकवून गेलो (तुझी सून सपना म्हणाली, पोळ्याचे बैल दिसता). रेंजफाइंडरने सुरुवात केली. नवरामुलगा मिथुन, शेजारी मोनाली. मोनाली काही केल्या एक होईना. मी तंद्रीत ओरडलो, "मिथुनराव, हलू नका, तुमच्याजवळ अजून दोघी दिसताहेत!"

मोनालीची आजी लाडकीबाई पुढे आली. "दोगी? दुसरी कोन हाय?"

मिथुनने हसून सोडून द्यायचं की नाही? पण तो घाम पुसत बोलला, "मंदाचं कवाच लगीन झालं, आजी!"

आत्या, तोवर मंदा हे नाव त्या मांडवात कुणाला ठाऊकच नव्हतं. मोनाली उठून उभी राहिली. कमलेश माझ्या कानात म्हणाला, "बहिणीचं मोडलं तर तुला खाडीत टाकीन." मी घाईने कॅमेरा मोनालीच्या डोळ्याला लावला नि कडी दाखवली. तिने मिथुनकडे रोखून कडी मागेपुढे फिरवली. मग म्हणाली, "याच्यात मिथुन पन दोन हायत. एक मंदाला देऊन टाका, एक आमी ठेवतो."

आधी आजी हसली, मग मांडव, सगळ्यात शेवटी मिथुन. अंगठ्या घातल्या गेल्या.

तेव्हा कळलं की रेंजफाइंडरच्या भिंगावर झाकण तसंच होतं. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं, मग संशय कसा येणार (फोटो दाखवणारा मागचा पडदा मी बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला)? सगळे फोटो काळे. डीएसएलआर काढला, तर दर खटक्याला त्यातला आरसा उडतो नि क्षणभर अंधार होतो. मला वाटायचं लाईट गेली, मी दचकायचो, आणि फोटोत आजीचे पाय यायचे.

दोन्ही कॅमेऱ्यांत केवढे दोष आहेत ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना ते मागतील ते.

तुझा
चंद्रभान

ता. क. तुझ्या राजनंदिनीच्या लग्नाचे फोटो मीच काढणार. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

ता. क. २. आत्या, मी सपना. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. तिकडचा फोटोग्राफर आजच्या आज ठरवा. यांनी विचारलं तर सांगा, नवरदेवाकडचा माणूस आहे, नाही म्हणता येत नाही.