माघात लावलेले टोमॅटो

चौल,
२० एप्रिल

चि. सौ. रंगूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. तू रागावली आहेस, तरी फाडण्याआधी एकदा वाच. अक्षर बघून शाळेतल्या पोरानं लिहिलंय असं वाटेल, पण मीच लिहितेय.

इकडे सगळं ठीक. सुपारी यंदा बरी धरलीय. सूनबाई प्राप्तीच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. उकाडा मात्र असा की दुपारी कावळासुद्धा ओरडत नाही.

आणि माझे टोमॅटो पिकलेत. एप्रिलात! हसू नकोस, सगळे हसून झालेत.

भात कापून झालं की टोमॅटो लावायचे, हे मला का ठाऊक नाही? डिसेंबरात लावायला काढलेली रोपं ट्रेमध्येच सुकून गेली. संक्रांत गेली, माघ लागला, तेव्हा प्राप्तीकडून नर्सरीतून नवी रोपं आणवली. लवकर धरणारी, लहान फळाची. हे म्हणाले, "आता? अगं, रोपं वर येईस्तोवर होळी येल. ऊन तापलं की फुलं गळतात. भाजीवालीकडं टोमॅटो न्हायत काय?"

मागल्या पडवीशी मोठ्या कुंड्यांत रोपं लावली, म्हणजे ऊन चढलं की सरकवता येतात. तिथं सकाळचं ऊन पुरतं मिळतं. मुळाशी नारळाची सोडणं पसरली, ओल टिकायला. पाणी उजाडताना, तेही बुंध्याशीच. काठीला बांधायला मात्र वेळ लागायचा. सुतळीचं एक टोक दातात धरायचं, दुसरं डाव्या हातात.

डाव्या हातात का, ते आता लिहायलाच हवं.

अमिषाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात माझ्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू. त्या ट्रेपाशीच बसले होते, उठायला गेले ती उठलेच नाही. "कंबर धरलीय" हे तुला कळवलेलं खोटं होतं. इस्पितळात तुझं नाव निघालं की मी जोरजोरात मान हलवायची, ते ह्यांना कळलं आणि त्यांनी माझं ऐकलं. त्यांना बोल लावू नकोस.

तुला कळलं असतं तर मुलीची हळद टाकून धावत आली असतीस. पोर रडत बोहल्यावर चढली असती. ते मला नको होतं. आज तीच वेळ आली तरी मी तेच करीन.

नंतर तुझे फोन उचलले नाहीत, त्याचं कारण मात्र वेगळं. जीभ जड झाली गं. शब्द तोंडातल्या तोंडात गोळा होतात. एकदा वाण्याला फोनवर साखर सांगायला गेले, तर तो म्हणाला, "कोण पिऊन बोलतंय रे?" आणि ठेवून दिला. तेव्हापासून फोनला हात लावला नाही. तू प्राप्तीला म्हणालीस ना, "ताईला सांग, सख्ख्या भाचीवर अक्षता टाकायला आली नाही, तिच्या दारात मी पाय ठेवायची नाही"? फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसले होते. तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

डॉक्टरांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो मी कधीच भिरकावला. पण टोमॅटोला फुलं आली. वारा पडला असला की ती सकाळी हलवावी लागतात, नाहीतर फळ धरत नाही. ते काम मी उजव्या हाताला सांगितलं. आधी अख्खा हात आदळायचा, देठासकट फूल खाली. मग हळूहळू एक बोट ऐकायला लागलं.

मार्च संपता संपता ऊन असं पेटलं की खरंच फुलं गळायला लागली. कुंड्यांभोवती पिवळा सडा. हे म्हणाले, "पुरे झालं. उगा जीव लावून बसलीस." आणि कडेचं रोप उपटायला वाकले.

"नको!" मी ओरडले.

स्वच्छ, गं. कुंपणापलीकडून शेजारची क्रांती विचारते, "काय झालं वो काकी?" हे वाकलेले तसेच राहिले. मग म्हणाले, "काय म्हणलीस? परत म्हण."

मी परत म्हटलं. ते वाडीत गेले, बराच वेळ आलेच नाहीत. आले ते झावळ्या ओढत. कुंड्यांवर मांडव घातला. सावलीत उरलेली फुलं टिकली. फळं थोडीच आहेत, लिंबाएवढी, पण घट्ट. काल एक मीठ लावून खाल्लं. निम्मा रस हनुवटीवरून ओघळला, उजवी बाजू अजून फितूर आहे. तरी असा टोमॅटो मी जन्मात खाल्ला नव्हता.

आता रोज क्रांतीशी बोलते. "चहा" नीट येतो. "प्राप्ती" येत नाही, म्हणून सुनेला "पोरी" म्हणते, आणि तिला ते आवडायला लागलंय. काठी घेऊन विहिरीपर्यंत जाते. पूर्वीसारखी होईन असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण आहे ही बाईसुद्धा काही वाईट नाही, रंगू. भेटशील तेव्हा बघ.

पावसाआधी ये. अमिषाला आणि जावईबापूंना घेऊन ये, तिची ओटी भरायची राहिलीय. दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरा, माझा लेक सुजित गाडी घेऊन न्यायला येईल.

रडायचं ते फाटकातच रडून घे. मग आत ये आणि माझ्यासमोर बस. लग्नाचं सगळं मला विचारायचंय, अगदी कुणी कुठली साडी नेसली होती तिथपासून. मधेच मी एखाद्या शब्दापाशी अडेन. तो तुझ्या जिभेवर आलेला असेल. तरी सांगू नकोस. थांब. मला तिथवर पोचू दे.

पुष्कळ बोलायचं बाकी असलेली,
तुझी केसरताई